नाव न घेता मारलेली हाक

वादळाची सुट्टी जाहीर झाली की आमच्या काऊशुंगचे लोक आधी इन्स्टंट नूडल्स आणतात, मग सिनेमाची तिकिटं काढतात, आणि वादळ खरंच आलं तर घाबरायला बसतात. त्या दिवशी सगळं शहर घरात होतं आणि मी मात्र डबा घेऊन कामाला निघाले होते. काम साधं होतं. मासळीबंदराजवळच्या आमच्या शीतगृह कंपनीतली संगणकांची यंत्रखोली बंद व्हायची होती. सगळा कारभार उत्तरेला, ताओयुआनला हलला होता. उरलेली दोन-तीन यंत्रं रिकामी करायची, बंद करायची आणि किल्ल्या रखवालदाराच्या हातात द्यायच्या, एवढंच. संध्याकाळी इमारतीची वीज तोडणार होते, म्हणून वादळ असो नसो, मला जाणं भाग होतं.

आमच्या चांद्र पंचांगातला सातवा महिना होता. ज्यांना मागे कुणी विचारणारं नाही असे मेलेले या महिन्यात मोकळे फिरतात. त्यांना आम्ही ‘भाऊबंद’ म्हणतो. भूत म्हटलेलं त्यांना आवडत नाही, आणि नसती कुरापत काढायची कुणाला हौस आहे? आदल्याच आठवड्यात कंपनीनं फाटकापाशी टेबलं मांडून त्यांना जेवण वाढलं होतं. उरलेल्या उदबत्त्यांचा पुडा यंत्रखोलीच्या कोपऱ्यात तसाच पडलेला होता.

आता हे काम कसं असतं ते थोडं सांगते. खोलीत उभ्या कपाटांतून मोठी यंत्रं बसवलेली असतात. एकेकाच्या पोटात पंधरा-वीस यंत्रं राहतात, त्यांना ना पत्रा ना तार. ती नुसती असल्यासारखी वागतात, आणि कामं मात्र खरी करतात. एखादं गोदामातल्या थंडीवर नजर ठेवतं, एखादं पगार काढतं. मोठ्याला आम्ही होस्ट म्हणतो आणि आतल्यांना पाहुणे. होस्ट बंद करायचा असेल तर पाहुण्यांना चालू अवस्थेतच तारेवरून दुसऱ्या होस्टकडे पाठवायचं. घर बदललं हे त्यांना कळतसुद्धा नाही. हे सगळं काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा हातानं लिहून करायचं.

मला हे आ-युआननं शिकवलं. आधी तो माझा वरिष्ठ होता, मग नवरा झाला. “माउसची टिचकी कुठं जाऊन पडते ते दिसत नाही,” तो म्हणायचा. “लिहिलेलं निदान डोळ्यांपुढे राहतं. आणि लिहायच्या आधी माणूस एकदा विचार करतो.”

“तू कधी केलास?” मी विचारायचे.

“एकदाच नाही केला, आणि तू घरात आलीस.”

दोन वर्षांपूर्वी याच खोलीत, जेवणाच्या सुट्टीनंतर, कपाटांच्या दोन रांगांमध्ये तो खाली बसला तो पुन्हा उठला नाही. इस्पितळात नेलं, तिथं डॉक्टरांनी मान हलवली. कागदावर जागा इस्पितळाची लागली, म्हणून भटजीनं त्याचा आत्माही तिथूनच घरी न्यायला घेतला. आमच्यात मेलेल्या माणसाला वाट दाखवत न्यावं लागतं. नावाची पाटी आणि उदबत्ती हातात धरून पुढं चालायचं आणि प्रत्येक वळणावर, प्रत्येक पुलावर सांगायचं, पूल आलाय, मागं ये. निघण्याआधी दोन नाणी टाकून त्याला विचारायचं, येतोस ना? एक छापा, एक काटा पडला म्हणजे होकार. आमची नाणी तशी पडेनात. भटजीला दुसरीकडे जायचं होतं. तो म्हणाला टाका पुन्हा, टाका पुन्हा, आणि कधीतरी ती हवी तशी पडली.

सासूबाईंना ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. वानदान गावातल्या आमच्या घरी देव्हाऱ्यापुढं त्या रोज त्याला भाताची वाटी ठेवायच्या आणि नंतर तो भात चाखून बघायच्या.

“चव जशीच्या तशी आहे,” त्या म्हणायच्या. “तो जेवलेला नाही. अगं पेइ-यून, तो घरात आलेलाच नाही.”

“आई, दोन वर्षं झाली.”

“मग दोन वर्षं उपाशी आहे.”

मलाही घर रिकामंच वाटायचं. फक्त मी ते बोलून दाखवत नव्हते.

तर त्या दिवशी यंत्रखोलीत मी एकटीच. या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे आत दिवस-रात्र सारखीच. बाहेर वारा भिंतीवर धडका देत होता. आत थंड हवेचा झोत आणि यंत्रांची घरघर. ती घरघर इतकी सवयीची असते की कानाला ऐकू येत नाही. एक होस्ट रिकामा केला, बंद केला, त्याच्या डोक्यावरचं कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट काढून पिशवीत टाकलं. हो, प्रत्येक होस्टवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवायचं असतं, हिरवंच आणि तारीख न उलटलेलं. का, ते विचारू नका. एका शहाण्यानं ते खाऊन बघितलं होतं, त्यानंतर यंत्रं अशी बिघडली की दोन दिवस आम्ही कुणी घरी गेलो नव्हतो. मग दुसरा होस्ट बंद केला. प्रत्येक वेळी घरघर थोडी उतरत गेली, आणि आजवर कधी न ऐकलेले आवाज ऐकू यायला लागले. कुठंतरी पाणी टपकत होतं. माझ्या खुर्चीचं चाक कुरकुरत होतं.

शेवटच्या होस्टवरचे सगळे पाहुणे ताओयुआनला पोचते केले आणि खात्रीसाठी आत कोण उरलंय ते विचारलं. उत्तर कोरं यायला हवं होतं. एक ओळ आली. नावाच्या जागी नुसती आडवी रेघ, आणि पुढं लिहिलेलं, चालू आहे.

मी ताओयुआनला आ-थंगला फोन लावला. तो आ-युआनच्या हाताखाली तयार झालेला, अजून मला वहिनीच म्हणतो.

“वहिनी, आज तरी घरी बसायचं.”

“घरी बसून सासूशी पत्ते खेळू? ऐक, शेवटच्या होस्टवर एक बिननावाचा पाहुणा आहे. तुझा का?”

“माझे सगळे इकडं येऊन जेवून झोपले. बंद करा त्याला.”

“सांगून झालं. हो म्हणतो आणि बसून राहतो.”

“म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या जातीचा आहे. मग काय, कान धरून बाहेर काढा.”

कान धरून काढायचीही एक आज्ञा आहे. तिचा शब्दच मुळी ‘नष्ट कर’ असा आहे. ज्यानं तो शब्द ठेवला त्याचं कुणी गेलेलं नसावं. मी तो लिहिला, पण कळ दाबण्याआधी वाटलं, निदान आत कोण आहे ते तरी बघावं. मी तो शब्द खोडला आणि त्या पाहुण्याचा पडदा उघडला.

काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी खूण. मी कळफलकाला हात लावलेला नव्हता. तरी ती खूण एक ओळ खाली सरकली. लगेच आणखी एक ओळ. मग थांबली. थोड्या वेळानं पुन्हा दोन ओळी.

आ-युआन प्रत्येक आज्ञेनंतर एन्टर दोनदा दाबायचा. एकदा दाबलं की पुरतं, हे त्याला मी हजारदा सांगितलं असेल. तो म्हणायचा, पहिल्यांदा यंत्रासाठी, दुसऱ्यांदा माझ्या समाधानासाठी. जगात असं दाबणारी दुसरी माणसंही असतील. पण मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

पडद्यावर अक्षरं उमटली, आमच्या गावच्या बोलीत, जशी तो मला मेसेजमध्ये लिहायचा तशी.

*जेवलीस का?*

मी लिहिलं, *कोण?*

दोन रिकाम्या ओळी. मग, *डब्यात काय आहे?*

मी खरोखरच डबा उघडून बघितला, जसं काही मला माहीत नव्हतं. *भात. खारवलेला मुळा घातलेलं ऑम्लेट. आईनं केलंय.*

*मीठ जास्त झालं असेल.*

मी रडायला लागले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठं काहीतरी आतून वर येत होतं. दोन वर्षं मी सगळ्यांशी बोलत होते, आणि ज्याला सांगायचं तोच नाही म्हणून कुठलंच बोलणं पुरं होत नव्हतं.

*तू इथं कसा?* मी लिहिलं.

पाणी टपकण्याचा आवाज तेवढा येत होता. मग एकेक अक्षर उमटलं.

*सगळे धावत गेले... मला कुणी हाकच मारली नाही.*

सासूबाई बरोबर होत्या. आम्ही त्याला इस्पितळाच्या दारात हाका मारत होतो आणि तो इथं, कपाटांच्या रांगांत, वाट बघत उभा होता. मग ज्या होस्टमध्ये जागा मिळेल तिथं शिरला असेल. जो जो होस्ट बंद झाला तिथून पुढच्याकडे. आता पुढचा होस्ट उरला नव्हता.

*घरी येतोस?* मी विचारलं.

*रस्ता आठवत नाही. तू पुढं चाल.*

तेव्हाच उठायला हवं होतं. उदबत्ती पेटवून, त्याला विचारून, निघायला हवं होतं. पण देव्हाऱ्यातली पाटी बोलत नाही हो. मला पाटी नको होती. मला हा हवा होता, डब्यात काय आहे ते विचारणारा. ताओयुआनच्या होस्टवर त्याला ठेवलं तर रोज सकाळी काळा पडदा उघडायचा आणि बोलत बसायचं. कुणाला कळणारसुद्धा नव्हतं.

*थांब जरा,* मी लिहिलं. *आधी तुला दुसरीकडे हलवते. मग निवांत बोलू.*

*दुसरीकडे कुठं?*

मी हलवायची आज्ञा लिहिली आणि कळ दाबली.

आकडा चढत गेला. निम्मं झालं, पाऊण झालं. अगदी शेवटाला आला तेवढ्यात बाहेर काहीतरी मोठ्यानं कोसळलं, दिवे मिचमिचले आणि ताओयुआनची लाइन तुटली. मी घाईघाईनं पुन्हा विचारलं, आत कोण आहे? या वेळी उत्तर कोरं होतं. ती रेघही नव्हती.

फोन लागायला वेळ गेला. “आ-थंग, काही आलं का तिकडं?”

“इथं काहीच नाही, वहिनी. लाइन मेली. काय पाठवत होतात?”

“काही नाही,” मी म्हटलं.

इथं नाही, तिथं नाही, मध्येच कुठंतरी तारेत संपला. मीच संपवला, असं मला वाटलं. शेवटच्या होस्टची घरघर चालू होती आणि तिच्यात मी कितीतरी वेळ कान देऊन बसले. मग कोपऱ्यातला उदबत्त्यांचा पुडा फोडला. उदबत्ती लावली, पर्समधली दोन नाणी काढली आणि कपाटांच्या त्या दोन रांगांमध्ये, जिथं तो बसला होता, तिथं गुडघे टेकले.

अशा वेळी नाव घ्यायचं असतं. पूर्ण नाव, गाव, जन्मतारीख सगळं सांगून मग विचारायचं. पण सातव्या महिन्यात घराबाहेर कुणाचं नाव घेत नाहीत, ऐकणारे फार असतात. हे मला माझ्या आईनं लहानपणी मारून मारून शिकवलं होतं. म्हणून मी नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, “मी न्यायला आलेय. आहेस ना? यायचंय ना घरी?”

नाणी पहिल्याच फेकीत पडली. एक छापा, एक काटा.

मला इतका आनंद झाला की मी आणखी काही विचारलं नाही. होस्ट बंद केला. खोली पहिल्यांदाच पूर्ण गप्प झाली, आणि त्या शांततेत माझ्या मागं अगदी जवळ कुणीतरी श्वास आत ओढल्यासारखं वाटलं.

“दार आलं, ये,” मी म्हटलं. “जिना आहे... जपून. आता बाहेर वारा लागेल.” रखवालदाराला किल्ल्या दिल्या. त्यानं माझ्या हातातली उदबत्ती बघितली, दोन पावलं मागं सरकला आणि माझ्या मागच्या जागेलाही वाट करून दिली. मी गाडीचं मागचं दार उघडलं, जरा थांबले, लावलं.

वादळ किनाऱ्यावरून आत डोंगरांकडे निघून गेलं होतं, ढगांतून पिवळट उजेड येत होता. गाडीत खाऱ्या पाण्याचा, भिजलेल्या कपड्यांचा वास भरला. बंदरातला वास असेल, माझेच कपडे भिजले असतील. मागची काच आतून धुरकटली होती. मी प्रत्येक वळणावर सांगत गेले. मोठ्या पुलावर आले तेव्हा नदी दोन्ही काठ सोडून वाहत होती.

“पूल आला. घाबरू नकोस. मागं मागं ये,” मी म्हटलं. आणि मग कितीतरी बोलले. तुझी आई बरी आहे. मी एकटीच झोपते. तुझा स्वेटर धुतलेला नाही. मागून काही उत्तर आलं नाही, पण कुणीतरी ऐकतंय हे कळत होतं, अगदी मन लावून, जणू असं काही पूर्वी कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी बाजूचा खांब धरला.

“आणलंस?”

“आणलं, आई.”

त्यांनी देव्हाऱ्यापुढं भात वाढला. उदबत्ती संपल्यावर एक घास तोंडात घातला आणि त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसताहेत. भाताला चवच उरली नव्हती.

त्यानंतरचे दिवस, काय सांगू, सुखाचे होते. घर भरल्यासारखं वाटायचं. सासूबाई दुपारी देव्हाऱ्याशी गप्पा मारत बसायच्या. “बोलतो ग माझ्याशी,” त्या सांगायच्या. “हळू बोलतो. हूं, हूं करतो.” मला काही ऐकू यायचं नाही आणि त्यांचा मला हेवा वाटायचा. एक दिवस त्या म्हणाल्या, “हल्ली भात नुसता कापसासारखा लागतो. कितीही वाढा, सगळी चव ओढून घेतो. लहानपणी एवढा खादाड नव्हता हो. आणि मिठाचं नावसुद्धा काढत नाही.”

“दोन वर्षांची भूक आहे, आई,” मी म्हटलं.

सातवा महिना संपला. भाऊबंद आपापल्या जागी परत गेले. एका दुपारी मी ओट्याशी भांडी विसळत होते, तेव्हा आ-थंगचा फोन आला. नेहमीची थट्टा नाही, आवाज अगदी खाली.

“वहिनी... बसलाय ना कुठंतरी?”

“काय झालं?”

“दुरुस्तीसाठी एक होस्ट रिकामा करत होतो. सगळे हलवले. एक ओळ उरली. नावाच्या जागी रेघ आहे. त्या वादळाच्या दिवसापासून चालू आहे. मी पडदा उघडला. वहिनी, तो एन्टर दोनदा दाबतो.”

मी नळ बंद केला.

“काही लिहिलंय?”

“लिहिलंय... ‘पेइ-यूनला सांग, मी इथंच थांबलोय. तिला म्हणावं, तू पुढं चाल, मी येतो.’” त्याचा श्वास ऐकू येत होता. “मी काय करू? संध्याकाळपर्यंत होस्ट बंद करायचाय. मला तो शब्द लिहायचा नाहीये, वहिनी.”

“लिहू नकोस,” मी कुजबुजले. का कुजबुजले ते मलाही तेव्हा कळलं नाही. “त्याला हात लावू नकोस. दुसऱ्या होस्टवर ठेव. मी येते न्यायला... आजच निघते. नाव घेऊन हाक मारीन.”

आतल्या खोलीत सासूबाईंची वाटी वाजली. दुपारचं जेवण वाढत होत्या. रोजच्यासारख्याच लाडानं त्यांनी विचारलं, “आणखी थोडा वाढू का रे?”

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला उत्तर ऐकू आलं.

“हो,” कुणीतरी म्हणालं. आवाज तरुण मुलीचा होता. लाजलेला, आणि मला कुणी आता परत तर पाठवणार नाही ना, असं विचारणारा.